आधी कान, मग कंठ
प्राथमिक शाळेतील स्वरज्ञान व इंटरनेटवरील सराव-साधने



प्रार्थना, राष्ट्रगीत व राज्यगीत ही आपल्या शाळांतून परिपाठात नित्य म्हटली जातात. ती शिकविण्याचे काम बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकाकडेच असते. संगीताचे रीतसर शिक्षण झालेला सहकारी जवळपास नसतो, पेटी असलीच तर तिचा भाता फाटलेला असतो, आणि शिक्षकाला स्वतःच्या सुराविषयी पुरेसा विश्वास नसतो. अशा स्थितीत गीताचे शब्द पाठ होतात, चाल अंदाजाने बसते, आणि वर्गातील पाच-सात मुले 'बेसूर' ठरून कायमची मागच्या रांगेत जातात. प्रस्तुत पाठ मुख्यतः या मागच्या रांगेसाठी आहे.

कान तयार करण्याची अनेक साधने आज मोबाइलवर व संगणकावर मिळतात. त्यांपैकी पुष्कळशी विनामूल्य आहेत. संगीताच्या परीक्षांना बसणारे विद्यार्थी ती वापरतात. प्राथमिक शिक्षकाने ती आपल्या स्वतःच्या सरावासाठी व वर्गासाठी कशी वापरावीत, कोणत्या क्रमाने वापरावीत आणि कोठे त्यांचे ऐकू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे. साऱ्या विवेचनाचे सूत्र एकच आहे: आधी कान, मग कंठ, आणि सर्वांत शेवटी डोळा.

१. स्वरज्ञान म्हणजे काय?

तांबडा रंग पाहून तो तांबडा आहे हे मूल सांगते. त्यासाठी दुसरा रंग शेजारी असावा लागत नाही. स्वराचे तसे नाही. पेटीची एक पट्टी दाबून 'हा गांधार की पंचम?' असे विचारले, तर मोठ्या गवयालाही उत्तर देता येणार नाही. तीच पट्टी एकाचा षड्ज असते, तर दुसऱ्याचा पंचम. षड्ज ठरला म्हणजेच इतर स्वरांना नावे मिळतात. म्हणून स्वरज्ञान म्हणजे षड्जाशी असलेले प्रत्येक स्वराचे नाते कानाने ओळखणे होय.

हे तत्त्व आपल्याकडे फार प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. दोन्ही वीणा अगदी सारख्या लावावयाच्या. एक तशीच ठेवावयाची आणि दुसरीचे स्वर क्रमाक्रमाने उतरवीत पहिलीशी ताडून पाहावयाचे. कोणतेही मापयंत्र हाताशी नसता श्रुतींची अंतरे केवळ कानाने निश्चित करण्याची ही रीत आहे. एक स्वर अचल, दुसरा चल, आणि निर्णय कानाचा, या तीन गोष्टी तीत आहेत. आजचे कोणतेही साधन निवडताना हीच कसोटी लावावी. त्यात स्थिर आधारस्वर मिळतो काय, आणि उत्तर शोधण्याचे काम कानालाच करावे लागते काय, एवढे पाहावे.

२. साधनाची गरज का भासते?

गुरुगृही शिकणारा शिष्य तासन् तास तंबोऱ्याच्या नादात बसत असे. त्याचा स्वर केसभर ढळला तरी गुरूच्या ते तत्काळ ध्यानी येई. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि संगीत वर्गात शिकविण्याचा मार्ग रुळविला. त्यायोगे सामान्य घरांतील मुलामुलींना संगीताचे दार उघडले, हा लाभ फार मोठा आहे. तथापि एका शिक्षकापुढे तीस-चाळीस मुले बसली म्हणजे प्रत्येकाच्या सुराकडे लक्ष देण्यास वेळ पुरत नाही, ही अडचणही त्याबरोबरच आली.

ही उणीव साधन काही अंशी भरून काढते. ते तोच स्वर शंभर वेळा न कंटाळता देते. ते रागावत नाही आणि हसतही नाही. कोठे प्रेमाने थांबावे आणि कोठे पुढे जावे हे मात्र त्याला कळत नाही. ते शिक्षकानेच पाहावयाचे आहे.

३. साधनांचे चार प्रकार

(अ) आधारस्वर देणारी. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी गेली कित्येक दशके गायकांच्या परिचयाची आहे. आता तोच नाद मोबाइलवरील 'तानपुरा' नावाच्या अनेक अॅपमधून मिळतो. मिरजेच्या कारागिरांनी घडविलेल्या तंबोऱ्याची सर त्याला येणार नाही. मिरजेच्या तंबोऱ्यास व सतारीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते उगीच नव्हे. परंतु शाळेत असा तंबोरा नसताना मोबाइलचा नाद हा उत्तम आधार आहे. चारही प्रकारांत प्राथमिक शाळेला सर्वाधिक उपयोगी साधन हेच होय.

(आ) ओळखावयास लावणारी. 'म्यूझिकथिअरी डॉट नेट', 'टिओरिया', 'टोनडिअर' अशा संकेतस्थळांवर स्वर ऐकवून प्रश्न विचारला जातो व उत्तराचे पर्याय दिलेले असतात. 'इअरमास्टर' हे याच जातीचे, परंतु विकत घ्यावे लागणारे साधन आहे. शिक्षकाच्या स्वतःच्या सरावास व संगीत परीक्षेच्या विद्यार्थ्यांस ही उपयुक्त आहेत.

(इ) मोजणारी. यांना 'ट्यूनर' म्हणतात. आपण गायिलेला स्वर नेमक्या पट्टीच्या वर आहे की खाली, हे त्यातील सुई दाखविते. 'क्रोम म्यूझिक लॅब' या संकेतस्थळावरील 'स्पेक्ट्रोग्राम'मध्ये आवाजाचे चित्र पडद्यावर सरकताना दिसते.

(ई) ध्वनिमुद्रण. प्रत्येक मोबाइलमध्ये असणारी ही सोय आपण अगदी क्वचित वापरतो. गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. म्हणून मुद्रित केलेला आवाज प्रथम परका वाटतो. हे मुलांना आधीच सांगावे, म्हणजे ती लाजणार नाहीत.

४. पट्टी आणि परदेशी नावे

बहुतेक साधने पाश्चात्त्य संगीतासाठी तयार झालेली असल्यामुळे त्यांतील नावे पाहून शिक्षक गोंधळतात. पुढील जुळणी वहीत उतरून घ्यावी.

पेटीवरील पांढरी १ म्हणजे 'सी', काळी १ म्हणजे 'सी शार्प', पांढरी २ 'डी', काळी २ 'डी शार्प', पांढरी ३ 'ई', पांढरी ४ 'एफ', काळी ३ 'एफ शार्प', पांढरी ५ 'जी', काळी ४ 'जी शार्प', पांढरी ६ 'ए', काळी ५ 'ए शार्प' आणि पांढरी ७ म्हणजे 'बी'.

षड्जापासून मोजता 'मायनर सेकंड' म्हणजे कोमल ऋषभ, 'मेजर सेकंड' शुद्ध ऋषभ, 'मायनर थर्ड' कोमल गांधार, 'मेजर थर्ड' शुद्ध गांधार, 'परफेक्ट फोर्थ' शुद्ध मध्यम, 'ट्रायटोन' तीव्र मध्यम, 'परफेक्ट फिफ्थ' पंचम, 'मायनर सिक्स्थ' कोमल धैवत, 'मेजर सिक्स्थ' शुद्ध धैवत, 'मायनर सेव्हन्थ' कोमल निषाद, 'मेजर सेव्हन्थ' शुद्ध निषाद आणि 'ऑक्टेव्ह' म्हणजे तार षड्ज.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवावा. या साधनांत पुष्कळदा प्रत्येक प्रश्नाचा पहिला स्वर बदलत जातो; म्हणजे आपल्या भाषेत प्रत्येक प्रश्नाला षड्ज बदलतो. नवशिक्यास हे घातक आहे. काही साधनांत पहिला स्वर कायम ठेवण्याची सोय असते. तिला 'फिक्स्ड रूट' म्हणतात. ती असेल तेथे आवर्जून घ्यावी, आणि त्याच पट्टीत तंबोरा मंद चालू ठेवून प्रश्न सोडवावेत.

मुलांच्या पट्टीविषयीही दोन शब्द लिहितो. पुरुष शिक्षक काळी एकमध्ये षड्ज लावतो तेव्हा त्याच्या आवाजाची कंपने सेकंदाला सुमारे १३९ असतात. मुले तोच षड्ज त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २७७ कंपनांवर लावतात. मोठ्यांना हे दोन स्वर एकच वाटतात. पण सहा-सात वर्षांच्या मुलास पुरुषाच्या जाड आवाजातून आपला स्वर शोधून काढणे कठीण जाते. अशा वेळी शिक्षिकेने किंवा सुरेल गाणाऱ्या मुलाने स्वर द्यावा. ते शक्य नसेल तर पेटीवर मुलांच्या सप्तकातील पट्टी वाजवून दाखवावी.

५. 'तू नुसते ओठ हलव'

स्नेहसंमेलनाच्या तयारीत हे वाक्य कित्येक शाळांतून ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो. समूहगीत चांगले व्हावे एवढीच इच्छा असते. परंतु ज्या मुलास ते सांगितले जाते, ते मूल पुढे मोठे होऊनही 'मला गळा नाही' असेच म्हणत राहते. वाचता न येणाऱ्या मुलास आपण 'तू नुसते पुस्तक धर' असे सांगत नाही. मग गाता न येणाऱ्यास तरी असे का सांगावे?

शाळाभेटीत पाहिलेले एक उदाहरण येथे देतो. चौथीतील एक मुलगी प्रत्येक स्वर खालीच गाई. पेटीवर स्वर दिला की ती तिच्या बोलण्याच्या सुरातच उत्तर देई व वर्ग हसे. तिच्या शिक्षिकेने एके दिवशी रीत उलटी केली. मुलीला आपल्या मनाने 'आ' असा सूर लावावयास सांगितले आणि मोबाइलवरील तंबोऱ्याची पट्टी बदलत बदलत तिच्या सुराशी आणून मिळविली. ती पट्टी पांढरी सहा निघाली. स्वर जुळला तशी मुलगी गाता गाता हसली. आपला आवाज कशात तरी मिसळतो म्हणजे काय होते, हे तिने प्रथमच अनुभवले. त्यानंतर शिक्षिका रोज एकदोन पट्ट्याच वर सरकत असे. काळी पाच, पांढरी सात, पांढरी एक असे करीत दोन आठवड्यांत ती मुलगी वर्गाच्या काळी एकमध्ये आली. तिच्या कानात दोष नव्हता. तिच्या सुरापर्यंत कोणी गेले नव्हते, इतकेच.

या उदाहरणातून उपचाराची रीत ध्यानात येईल. मूल बेसूर वाटले तर प्रथम कारण शोधावे. कारणे बहुधा तीन असतात. (१) दोन स्वरांतील भेद कानाला कळत नाही. (२) भेद कळतो, परंतु कंठ त्या जागी पोचत नाही. (३) कान व कंठ दोन्ही ठीक आहेत, परंतु पट्टी त्या मुलाला सोयीची नाही. पहिल्या प्रकारास ऐकण्याचा सराव द्यावा. दुसऱ्यास वर सांगितल्याप्रमाणे मुलाच्या सुरापासून आरंभ करावा. तिसऱ्यास केवळ पट्टी बदलावी. स्वरांचा भेद जन्मतःच न कळणारी माणसे असतात, पण फार थोडी. आपल्या वर्गातील पाच-सात मुले त्यांतली आहेत असे मानण्यास कारण नाही.

६. सहा आठवड्यांचा क्रम

रोज दहा मिनिटे पुरेत. परंतु ती रोज असावीत.

पहिला आठवडा: सारखे की वेगळे, चढा की उतरता. दोन स्वर ऐकवावेत व मुलांनी डोळे मिटून हाताने वर-खाली दाखवावे. मुले 'मोठा आवाज' आणि 'चढा स्वर' यांत गल्लत करतात. म्हणून चढा स्वर हळू व उतरता स्वर मोठ्याने वाजवूनही प्रश्न विचारावा.

दुसरा आठवडा: षड्ज. तंबोरा चालू असता प्रथम एक मिनिट केवळ ऐकावे. मग ओठ मिटून गुणगुणावे, नंतर 'आ'कारात लावावा. मधेच तंबोरा बंद करून षड्ज तसाच टिकतो काय, हे पुन्हा चालू करून पाहावे. मुलांना हा खेळ फार आवडतो.

तिसरा आठवडा: षड्ज-पंचम व षड्ज-तार षड्ज. हे संवादी स्वर असल्याने लवकर बसतात.

चौथा आठवडा: त्यात शुद्ध गांधार मिळवावा. सा, ग, प, सां एवढ्यावरच प्रश्न असावेत.

पाचवा आठवडा: ऋषभ व मध्यम. हे शेजारच्या स्वरांकडे ओढले जातात. म्हणून 'रे'वरून 'सा'कडे व 'म'वरून 'ग'कडे परत येण्याचा सराव द्यावा.

सहावा आठवडा: धैवत व निषाद, त्यानंतर संपूर्ण आरोह-अवरोह व सोपे अलंकार. फळ्यावर स्वर भातखंडे पद्धतीने लिहावेत; मंद्र स्वराखाली व तार स्वरावर टिंब देण्याची सवय तेव्हाच लागते.

परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी यापुढे कोमल-शुद्ध जोड्या घ्याव्यात. प्रथम गांधाराची जोडी, मग निषादाची, त्यानंतर ऋषभ व धैवताची, आणि शेवटी दोन मध्यमांची, असा क्रम ठेवावा. प्रत्येक प्रश्नात तीन पायऱ्या पाळाव्यात: ऐकणे, ऐकलेले गाऊन दाखविणे, आणि मगच पडद्यावरील उत्तर दाबणे. मधली पायरी गाळली तर बोट तरबेज होते व कान मागे राहतो.

७. सुईचा भरवसा किती धरावा?

ट्यूनरची सुई समोर दिसत असता मूल ऐकत नाही, सुईकडे पाहून आवाज वर-खाली करते. सुई काढून घेतली की ते पुन्हा होते तेथेच येते. म्हणून सुई उत्तरपत्रिकेप्रमाणे वापरावी. मुलाने स्वर लावावा, 'जुळला', 'चढला' किंवा 'उतरला' असा निर्णय स्वतः द्यावा, आणि मग पडदा दाखवावा.

दुसरी गोष्ट शिक्षकाने समजून घेण्यासारखी आहे. ट्यूनर सप्तकाचे सारखे बारा भाग करतो व प्रत्येक भागाचे पुन्हा शंभर अंश मानतो. या हिशेबाने पेटीतला शुद्ध गांधार षड्जापासून ४०० अंशांवर येतो. परंतु तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार उमटतो, तो सुमारे ३८६ अंशांवर असतो. तंबोऱ्याशी तंतोतंत मिळालेला गांधार गाणाऱ्यास सुई चौदा अंश 'उतरलेला' म्हणून दाखवील. ती गाणाऱ्याची चूक नव्हे. पंचमात हा फरक केवळ दोन अंशांचा असल्याने तो जाणवत नाही.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी हिंदुस्थानी संगीतातील २२ श्रुतींवर १९१० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तो गायकांनी लावलेले स्वर मोजून. आधी जाणत्या कानाने स्वर लावला आणि मग मापाने त्याची नोंद घेतली, हा क्रम आपणही विसरू नये. प्राथमिक वर्गात तर दहा-वीस अंशांची चिकित्सा करूच नये. मूल योग्य स्वराच्या घरात आले, एवढे तेथे पुरे आहे.

८. दक्षता

(१) साधन तासाच्या आधी शिक्षकाने स्वतः चालवून पाहावे. जे अॅप इंटरनेटशिवाय चालते तेच वर्गासाठी निवडावे, म्हणजे जाहिरातीही मधे येणार नाहीत.

(२) मोबाइलच्या लहान ध्वनिवर्धकातून खर्जाचा स्वर नीट उमटत नाही. शक्य तर वेगळा ध्वनिवर्धक जोडावा. ब्लूटूथने जोडल्यास आवाज किंचित उशिरा येतो. स्वरांच्या सरावास त्याची बाधा नाही, परंतु टाळ्यांच्या व लयीच्या खेळास ते साधन वापरू नये.

(३) मुलांच्या कानाला इअरफोन लावू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. मंद तंबोरा कानाला अधिक शिकवितो, हेही खरे.

(४) मुलांच्या नावाने कोठेही खाते उघडू नये व त्यांचे मुद्रण इतरत्र पाठवू नये. ऐकवून झाले की ते पुसून टाकावे.

(५) एकट्या मुलाला साऱ्या वर्गासमोर उभे करून कसोटी घेऊ नये. तिघा-चौघांच्या गटात घ्यावी.

९. मूल्यमापन

पडद्यावर दिसणाऱ्या गुणांनी फसू नये. दोनच पर्याय असता दहापैकी पाच उत्तरे कौल लावूनही बरोबर येतात. चार पर्याय असता दोन-तीन येतात. म्हणून दहापैकी आठ उत्तरे, तीही दोन वेगवेगळ्या दिवशी, बरोबर आली म्हणजेच पायरी गाठली असे समजावे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीनच नोंदी ठेवाव्यात: सोयीची पट्टी, ओळखता येणारे स्वर, गाता येणारे स्वर. श्रेणी देऊ नये आणि 'बेसूर' हा शब्द नोंदवहीत लिहू नये. सहा आठवड्यांनंतर याच तीन रकान्यांकडे पाहून कोणाला काय द्यावयाचे ते ठरवावे.

या वर्षी स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात प्रत्येक मुलाचा आवाज ऐकू यावा, एवढे एकच उद्दिष्ट प्रत्येक शाळेने ठेवावे. गीत थोडे ओबडधोबड झाले तरी चालेल. आलेला अनुभव केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावा, म्हणजे इतर शाळांसही त्याचा लाभ होईल.

स्वाध्याय

१. आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाची सोयीची पट्टी शोधा व नोंदवा. परिपाठातील गीतांची सध्याची पट्टी किती मुलांना सोयीची आहे?

२. तंबोऱ्यावर स्वतः षड्ज, गांधार व पंचम लावून ध्वनिमुद्रण करा. प्रथम कानाने निर्णय लिहा, मग ट्यूनरवर पाहा. दोन्हींत कोठे फरक पडला व का?

३. 'बेसूर' समजल्या गेलेल्या एका मुलाबाबत वरील तीन कारणांपैकी कोणते लागू पडते, हे ठरवून त्यासाठी दोन आठवड्यांचे टाचण तयार करा.